स्वमग्न मूल आणि मानसशास्त्रज्ञाचा शोध

धारहून मांडवगडाकडे जाणारा रस्ता नालछा या गावातून जातो. वर्षाऋतूत मांडवगडाची शोभा पाहावयास निघालेल्या मंडळींच्या मोटारी येथून जातात, चहापुरत्या थांबतात आणि पुढे निघतात. या गावातील एखाद्या घरी तीन वर्षांचा मुलगा आहे, अशी क्षणभर कल्पना करावी. तो दिसावयास गोंडस आहे, प्रकृतीने ठणठणीत आहे. परंतु नाव घेऊन हाक मारली तर वळून पाहत नाही. हवी असलेली वस्तू तो बोटाने दाखवीत नाही. आईचा हात धरून तिला त्या वस्तूपाशी ओढीत नेतो. खेळण्यातील गाडी जमिनीवर चालविण्याऐवजी ती उलटी धरून तासन्‌तास चाके फिरवीत बसतो. दीड वर्षाचा असताना उच्चारलेले दोनचार शब्दही आता ऐकू येत नाहीत. आजी म्हणते, “याचा बापही उशिराच बोलला.” शेजारी म्हणतात, “शाळेत घाला, आपोआप सुधारेल.” आईचे मन मात्र स्वस्थ बसत नाही. कोणीतरी तिला सांगते की, मुलाला मानसशास्त्रज्ञाला दाखवा. पण नालछ्यात मानसशास्त्रज्ञ कोठून आणावयाचा?

हा प्रश्न एका गावाचा नाही. लहान गावांतून राहणाऱ्या हजारो कुटुंबांपुढे तो उभा आहे, आणि त्याच्या उत्तरावर मुलाच्या आयुष्यातील अत्यंत मोलाची वर्षे अवलंबून असतात. म्हणून हा शोध कोठून सुरू करावा, योग्य माणूस कसा ओळखावा आणि तो भेटेपर्यंत घरी काय करावे, याचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

ज्या अवस्थेला इंग्रजीत ऑटिझम म्हणतात तिला मराठीत स्वमग्नता हे नाव रूढ झाले आहे. हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास प्रौढ रुग्णांच्या संदर्भात प्रचारात आणला. मुलांच्या बाबतीत मॉस्को येथील डॉ. सुखारेवा यांनी १९२५ साली अशा काही मुलग्यांचे वर्णन केले होते. परंतु जगाचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले ते १९४३ साली. त्या वर्षी अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीगत प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या डॉ. हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी चार मुलांचे वर्णन केले. आज स्वमग्नता ही एक साचेबंद व्याधी मानली जात नाही. मुळीच न बोलणाऱ्या मुलापासून ते गणितात हुशार, पण चारचौघांत वागताना गोंधळून जाणाऱ्या मुलापर्यंत तिच्या अनेक छटा आहेत. इतरांशी संवाद साधण्यातील अडचण, आणि त्याच त्या हालचालींची, आवडींची वा दिनक्रमाची घट्ट पकड, ही दोन लक्षणे मात्र सर्वांत कमीअधिक प्रमाणात आढळतात.

कारणांच्या बाबतीत एक जुना अन्याय येथे नमूद केला पाहिजे. १९५० आणि १९६० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील कित्येक तज्ज्ञ असे सांगत की, आईच्या थंड, मायाहीन वागणुकीमुळे मूल स्वतःच्या कोशात शिरते. असंख्य मातांनी हा कलंक सोसला. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, ग्रंथ लिहून या मताला जोरदार विरोध केला. आणि १९७७ साली इंग्लंडमध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासावरून आनुवंशिकतेचा मोठा वाटा सिद्ध झाला. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता होय. ती आईबापांच्या चुकीने येत नाही, नजर लागल्याने येत नाही, आणि लसीमुळेही येत नाही. लसीचा संबंध जोडणारा १९९८ सालचा लेख त्याच नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. यास्तव जो तज्ज्ञ पहिल्याच भेटीत आईला दोष देईल, त्याचे ज्ञान अर्धशतकाने मागे आहे असे खुशाल समजावे.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. पहिली पायरी मानसशास्त्रज्ञाची नाही, तर कानाची आहे. हाकेला ओ न देणारे मूल बहिरे असू शकते, आणि बहिरेपणाचे उपाय निराळे असतात. म्हणून बालरोगतज्ज्ञाची तपासणी आणि श्रवणाची शास्त्रीय चाचणी प्रथम झाली पाहिजे. घरी थाळी वाजवून केलेली परीक्षा पुरेशी नाही. काही आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलण्यातील सूक्ष्म ध्वनी ऐकू येत नाहीत, असे घडते.

दुसरी पायरी गावातच आहे, पण पुष्कळांना ती ठाऊक नसते. २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. या योजनेखाली डॉक्टरांची फिरती पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत जाऊन जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. तपासावयाच्या दोषांच्या यादीत विकासातील विलंब आणि स्वमग्नता यांचाही समावेश आहे. पथकाला शंका आली की मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचे असते. अशा केंद्राच्या आराखड्यात बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा व श्रवण यांचे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची योजना केलेली आहे. प्रत्येक ठिकाणी सर्व जागा भरलेल्या असतीलच असे नाही. तथापि नालछ्याच्या आईने अंगणवाडी सेविकेला आणि आशा कार्यकर्तीला हे नाव घेऊन विचारावे, आणि धारच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन चौकशी करावी. चौकशीला पैसा पडत नाही.

तिसरी पायरी इंदूरची. धारपासून इंदूर सुमारे पासष्ट किलोमीटरांवर आहे. तेथील महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, त्याला जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय आणि बाणगंगेचे मानसिक रुग्णालय यांमुळे या भागातील लोकांना मोठा आधार आहे. परंतु तेथे जाण्यापूर्वी कोणत्या तज्ज्ञाचे काम काय, हे समजून घेणे इष्ट, नाहीतर हेलपाटे व्यर्थ होतात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतो व तो औषधे देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. तो मुलाचे निरीक्षण करतो, चाचण्या घेतो, निदानात भाग घेतो आणि वागणुकीसंबंधी मार्गदर्शन करतो. वाचा-उपचारतज्ज्ञ संवाद शिकवितो, आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ हातांची कामे, कपडे घालणे, जेवणे, आवाजाची वा स्पर्शाची भीती यांकडे पाहतो. स्वमग्न मुलाला यांपैकी एकापेक्षा अधिकांची गरज पडते; एकच माणूस सर्व काही करील अशी अपेक्षा धरू नये.

खरा मानसशास्त्रज्ञ ओळखावा कसा? पाटीवरील मोठ्या अक्षरांवरून नव्हे. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे नाव या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावे लागते. “आपला नोंदणी क्रमांक कोणता?” हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही, प्रामाणिक तज्ज्ञ त्याने रागावत नाही. दुसरा प्रश्न अनुभवाचा: लहान मुलांबरोबर, विशेषतः न बोलणाऱ्या मुलांबरोबर, आपण किती काळ काम केले आहे? तिसरा प्रश्न पद्धतीचा. चांगला तज्ज्ञ दहा मिनिटांत निर्णय देत नाही. गरोदरपणापासूनची हकीगत तो विचारतो, मुलाला खेळताना पाहतो, घरचे आणि बाहेरचे वर्तन यांची तुलना करतो, आणि शेवटी लेखी अहवाल देतो. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एक प्राथमिक प्रश्नावली जगभर वापरली जाते. परंतु ती केवळ शंका दाखविते, निदान करीत नाही. आपल्याकडे सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी तयार केली आहे, आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र देताना तिचा उपयोग होतो.

चौथा प्रश्न भाषेचा आहे, आणि धार-देवास भागातील मराठी कुटुंबांना तो विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. पवारांच्या राजवटीपासून येथे स्थायिक झालेल्या घरांतून मराठी बोलली जाते, अंगणात माळवी ऐकू येते, शाळेत हिंदी असते, आणि या जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या असलेल्या आदिवासी समाजात भिली बोली चालतात. मूल बोलत नाही असे दिसले की, “घरची भाषा सोडा, एकच भाषा बोला,” असा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, असे आजवरच्या संशोधनात आढळलेले नाही. उलट आईला जी भाषा सहज येते तीच सोडावयास लावली तर तिचे मुलाशी बोलणेच कमी होते. म्हणून चाचणी मुलाला कळणाऱ्या भाषेत व्हावी, आणि आजीने आपल्या मराठीतच नातवाशी बोलत राहावे.

पाचवी कसोटी आश्वासनाची. स्वमग्नता समूळ नाहीशी करणारे औषध आज नाही. अति चिडचिड वा स्वतःला इजा करणे यांसाठी काही औषधे डॉक्टर देतात, ती त्या त्रासापुरती. असे असता कोणी सहा महिन्यांत मूल संपूर्ण बरे करण्याची हमी देत असेल, मूलपेशींची महागडी सुई सुचवीत असेल, किंवा शरीरातील धातू काढण्याचे उपचार सांगत असेल, तर तेथून उठून यावे. अशा उपायांची उपयुक्तता सिद्ध झालेली नाही, आणि धातू काढण्याच्या उपचारात जिवालाही धोका आहे. शेत गहाण ठेवून केलेला असा खर्च मुलाच्या पदरात काहीच टाकीत नाही.

येथवर वाचून एखादी आई म्हणेल की, हे सारे खरे; पण दर आठवड्याला इंदूरला जाणे परवडावे कसे? दिवसाची मजुरी बुडते, बसचे भाडे लागते, आणि गर्दीत मूल किंचाळू लागले की लोक वळून पाहतात. या प्रश्नाचे उत्तर काही अंशी गोव्याने दिले आहे. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या संशोधकांसह एक प्रयोग केला, आणि त्याचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांचा त्यात समावेश होता. विशेष हे की, उपचार मोठ्या तज्ज्ञांनी दिले नाहीत. प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी दिले. आई व मूल खेळत असताना त्यांचे थोडे चित्रण करावयाचे, मग ते आईसमवेत पाहावयाचे, आणि मूल कोणत्या क्षणी तिच्याकडे पाहते, कोणत्या आवाजाने काही सांगू पाहते, हे तिलाच शोधावयास लावावयाचे, अशी ती रीत होती. आठ महिन्यांनंतर आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सर्वच मोजमापांत सुधारणा झाली असे नाही. परंतु जेथे तज्ज्ञ विरळा तेथेही काही करता येते, एवढे निश्चित झाले.

यावरून मानसशास्त्रज्ञाकडून काय मागावे तेही स्पष्ट होते. दर आठवड्याची भेट शक्य नसेल तर महिन्यातून वा दोन महिन्यांतून एकदा जावे. पण प्रत्येक भेटीत घरी करावयाच्या दोनतीन गोष्टी नीट शिकून घ्याव्यात आणि पुढच्या भेटीत त्यांचा हिशेब द्यावा. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीवर बसून खेळावे. तो जे पाहतो त्याचे नाव घ्यावे. लांबलचक वाक्यांऐवजी दोन शब्द बोलावेत व थांबावे, म्हणजे त्याला उत्तराची संधी मिळते. दिवसाचा क्रम शक्यतो एकसारखा ठेवावा, आणि बदल होणार असेल तर चित्र वा वस्तू दाखवून आधी सूचना द्यावी. निदानाची वाट पाहत हे थांबविण्याचे कारण नाही. मूल स्वमग्न नाही असे पुढे ठरले तरी यातून तोटा होत नाही. आईबापांचे स्वतःचे मन खचले असेल तर ‘टेली मानस’ ही शासनाची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे.

निदान झाल्यानंतर कागदपत्रांचा कंटाळा करू नये. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि त्याखालील ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे. चाळीस टक्के वा अधिक प्रमाणाचा दाखला मिळालेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखला म्हणजे मुलाच्या कपाळावरील शिक्का नव्हे. तो त्याच्या हक्काचा कागद आहे.

नालछ्याच्या त्या आईला मानसशास्त्रज्ञ एका दिवसात मिळणार नाही, आणि मिळाला तरी तो मूल बदलून देणार नाही. तो तिला मुलाची भाषा वाचावयास शिकवील. आज तो तिचा हात धरून पाण्याच्या माठाकडे ओढतो. उद्या माठाकडे बोट करून तिच्या तोंडाकडे पाहील, आणि कदाचित परवा एक शब्द उच्चारील. या तीन पावलांना महिने लागतात, काही मुलांना वर्षे लागतात, आणि काही मुले शब्दांऐवजी चित्रांनीच बोलू लागतात. पण पहिले पाऊल जितके लवकर पडेल तितके बरे. “थांबून पाहू, मोठा झाला की बोलेल,” या सल्ल्याने आजवर अनेक मुलांची मोलाची वर्षे गेली. शंका आली त्याच आठवड्यात अंगणवाडीत नाव सांगावे, कानाची चाचणी करून घ्यावी आणि धारची वाट धरावी.