चिलखत गेले, कंठत्राण उरले

अठराव्या शतकातल्या युरोपीय लष्करी अधिकाऱ्यांच्या चित्रांत एक विसंगती डोळ्यांत भरते. अधिकारी साध्या लोकरी कोटात उभा असतो. डोक्यावर शिरस्त्राण नाही, छातीवर पोलाद नाही, पण गळ्याखाली चांदीची किंवा सोनेरी मुलाम्याची चंद्रकोर लटकलेली असते. हे गॉर्जेट. एवढ्याशा पत्र्याने बंदुकीची गोळी अडत नाही, हे घालणाऱ्याला पुरते ठाऊक होते. म्हणून त्याला चिलखताचा शोभेपुरता उरलेला तुकडा म्हणून निकालात काढले जाते. पण गॉर्जेटचे काम संपले नव्हते, ते बदलले होते.

त्याचे पहिले काम समजून घेतले, तर पुढचे कळते. सोळाव्या शतकात गॉर्जेट म्हणजे मान, गळा आणि खांद्यांचा वरचा भाग झाकणारे पोलादी कंठत्राण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या चिलखतांच्या यादीतही कंठत्राण आहे, इतकी ही गरज जुनी. युरोपीय गॉर्जेटचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग एका बाजूला बिजागरीने जोडलेले असत. ते आधी चढवायचे, मग छाती-पाठीचे पत्रे त्यावर बसत, बाहूंचे पत्रे अनेकदा त्यालाच वादीने अडकवले जात, आणि काही प्रकारांत शिरस्त्राणाची कडा त्याच्या काठावर बसून फिरे. सगळा साज असा गळ्यापाशी जुळत असे. मस्केटची गोळी अडवायची तर पत्रा इतका जाड लागे, की त्याचे ओझे पेलवेना. सतराव्या शतकात सैनिकांनी एकेक भाग उतरवला. गॉर्जेट मात्र चामडी कोटावरही राहिले.

ते केवळ सवयीने राहिले, असा पहिला आक्षेप. पण सवयच कारण असती, तर मांड्यांचे आणि हातांचे पत्रे का गेले? शिवाय सवयीला कोणी नियम लावत नाही. इंग्लंडमध्ये 1684 मध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या आज्ञेने कॅप्टनला सोनेरी, लेफ्टनंटला सोनेरी खिळ्यांचे काळे आणि एन्साइनला रुपेरी गॉर्जेट ठरवून दिले गेले. पुढे ते घातले म्हणजे अधिकारी कामगिरीवर आहे, असा अर्थ रूढ झाला. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या चेहऱ्याकडे पाहताना गळा आपोआप नजरेत येतो. हुद्दा सांगायला याहून सोयीची जागा शोधणे अवघड. 1772 मध्ये चार्ल्स विल्सन पील याने जॉर्ज वॉशिंग्टनचे चित्र काढले, तेव्हा व्हर्जिनियाच्या कर्नलच्या गणवेशात हे गॉर्जेट होतेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संरक्षण आधी आणि खूण नंतर, असा सरळ क्रम खरा आहे का? नाही, आणि हे मान्य करायलाच हवे. चिलखताच्या भरभराटीतही त्यावर कोरीव आणि सोनेरी काम होत असे. रेम्ब्रांट कधी सैनिक नव्हता, तरी 1629 च्या सुमाराच्या आत्मचित्रात त्याने गॉर्जेट घातले आहे. उत्तर अमेरिकेतल्या मिसिसिपी संस्कृतीचे लोक शिंपल्यांवर नक्षी कोरून ती गळ्याखाली घालत. त्यांचा वार अडवण्याशी संबंध नव्हता. पण यातून मूळ म्हणणे पक्केच होते. खुणेचे काम संरक्षणाच्या जोडीला पहिल्यापासून होते. बंदुकीने एक काम हिरावले, तेव्हा दुसरे उघडे पडले.

ब्रिटिश सैन्याने 1830 मध्ये गॉर्जेट बंद केले. तरी दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्करी पोलिसांच्या गळ्यात साखळीने लटकवलेले धातूचे गॉर्जेट होते आणि त्यावरची अक्षरे अंधारात दिसावीत म्हणून चमकणाऱ्या रंगाने रंगवलेली होती. रात्री रस्त्यावर वाहन थांबवणाऱ्याचा अधिकार दुरून ओळखू यावा, हाच त्यामागचा हिशेब. भारतीय सैन्यात कर्नल आणि त्यावरील अधिकाऱ्यांच्या कॉलरवरच्या पट्ट्यांना आजही गॉर्जेट पॅच म्हणतात. ऑगस्ट 2023 पासून ब्रिगेडियर आणि त्यावरील अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला, तेव्हा ज्या बाबी ठरवून सारख्या केल्या त्यांत हे पॅचही होते. निरुपयोगी अवशेषासाठी कोणतेही सैन्य असे नियम करत नाही. म्हणून संग्रहालयात ही चंद्रकोर दिसली, तर ती काय अडवू शकत नव्हती हे विचारून थांबू नये. ती समोरच्याला काय सांगत होती, हे विचारावे.