रोपांसाठी एल.ई.डी. दिवा : डब्यावरचे वॅट आणि मीटरवरचे वॅट

भिवंडी असो, मालेगाव असो की मुंबईतील महंमद अली रोडचा परिसर, आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांची घरे-दुकाने बहुधा अरुंद गल्ल्यांत असतात. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. अशा जागी मनी प्लांट लावला तर थोड्याच दिवसांत वेल लांबट व फिकट होते, आणि पुदिन्याच्या काड्या तर सुतासारख्या बारीक होतात. घरचे लोक समजतात पाणी कमी पडले. ते पाणी वाढवतात आणि मुळे कुजतात. खरी कमतरता उजेडाची असते.

यावर उपाय म्हणून बाजारात ‘ग्रो लाइट’ नावाचे एल.ई.डी. दिवे मिळतात. आम्हीही दुकानातील कुंड्यांसाठी जांभळ्या उजेडाचा असा एक दिवा घेतला. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘१००० वॅट’ छापले होते. दुकानात वायरमन कामाला आला असता त्याने टंग टेस्टर लावून पाहिले, तर दिवा अर्धा अँपिअरसुद्धा घेत नव्हता. म्हणजे जेमतेम १०० वॅट! चाळीस मीटरचा ताका म्हणून पैसे घ्यावेत आणि उलगडल्यावर आत चार मीटर निघावेत, असा हा प्रकार.

याचा हिसाब असा आहे. दिव्यात १०० चिप असल्या आणि प्रत्येक चिप जास्तीत जास्त १० वॅट सोसू शकत असली, तर गुणाकार करून १००० छापतात. प्रत्यक्षात प्रत्येक चिपला एक वॅटच्या आसपास वीज दिलेली असते. हा माल विकणाऱ्यांत आपलेही बांधव आहेत. सूरह अल-मुतफ्फिफीनचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडलेले आहे, हे त्यांना आम्ही सांगायला नको. डबा दुसऱ्याने छापला असला तरी बिल आपल्या दुकानाचे असते.

टंग टेस्टर नसला तरी तपासणी करता येते. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. घरातील बाकी सर्व बंद करून फक्त रोपांचा दिवा लावावा आणि पाच मिनिटे मोजावे. ३२०० च्या मीटरवर १०० वॅटचा दिवा पाच मिनिटांत सुमारे २७ वेळा लुकलुकवील. खरोखर १००० वॅट असते तर २६७ वेळा लुकलुकला असता.

आता जांभळ्या रंगाविषयी. पान लाल आणि निळा प्रकाश अधिक शोषते, म्हणून फक्त त्याच दोन रंगांच्या चिप बसवण्याची पद्धत पडली. परंतु हिरवा प्रकाशही पानाच्या आतपर्यंत जाऊन उपयोगी पडतो. अमेरिकेच्या ‘नासा’ने २०१४ साली अंतराळ स्थानकात भाजी उगवण्यासाठी जे यंत्र पाठवले, त्यात लाल-निळ्याबरोबर हिरवे दिवेही होते. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले की कीड लागली हे दिसत नाही. आणि आम्हा कापडवाल्यांची तर पंचाईतच. त्या उजेडात मोरपंखी आणि काळा यांतला फर्क गिऱ्हाइकाला कसा दाखवायचा?

साधा पांढरा एल.ई.डी. दिवा म्हणजे निळी चिप व तिच्यावर पिवळट फॉस्फरचा लेप. त्यामुळे रोपाला लागणारे सर्व रंग त्यात कमी-अधिक येतातच. ही तेजस्वी निळी चिप जपानमध्ये तयार झाली आणि तिच्या शोधाबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा मनी प्लांट, स्नेक प्लांट यांसारख्या सावलीतल्या रोपांसाठी चार फुटी, २० वॅटची पांढरी पट्टी पुरते. आमचे तेच मत आहे व आमच्या दुकानात आता तीच आहे. साधारण दोन-तीनशे रुपयांचे काम. डब्यावर लुमेनचा आकडा पाहावा. २० वॅटला २००० लुमेन म्हणजे चांगला माल.

पुदिना, कोथिंबीर यांना एक पट्टी पुरत नाही. दोन-तीन पट्ट्या शेजारी-शेजारी लावून त्या रोपांच्या सहा ते नऊ इंच वर ठेवाव्यात. दिवा छताला आणि कुंडी जमिनीवर, ही चूक सर्रास होते. बल्बचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथा हिस्सा राहतो. म्हणून महाग दिव्यावर खर्च करण्याआधी तो खाली आणावा, त्याला पैसे पडत नाहीत. बारा ते चौदा तास उजेड द्यावा, रात्री बंद करावा. टायमर लावल्यास लक्ष ठेवावे लागत नाही. २० वॅटची एक पट्टी रोज १२ तास जळली तर महिन्याला सव्वासात युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर ७२ रुपये.

मिरची, टोमॅटो, गुलाब यांना मात्र याच्या कित्येक पट उजेड लागतो. तिथे खरा ग्रो लाइट हवा. असा दिवा बनवणारे लोक प्रत्यक्ष लागणारे वॅट, एका ज्यूलमागे किती मायक्रोमोल प्रकाश निघतो तो आकडा आणि किती अंतरावर किती प्रकाश पडतो याचा तक्ता देतात. अडीच किंवा अधिक मायक्रोमोल म्हणजे उत्तम. हे काहीच न देता फक्त मोठे वॅट छापलेले असतील तर तो डबा परत ठेवावा. घरच्या चार मिरच्यांसाठी एवढा खर्च आम्ही तरी करणार नाही. मिरचीची कुंडी गच्चीवर न्यावी.

कापडाच्या दुकानात दिव्याचा झोत थानांवर पडू देऊ नये, रोजच्या तीव्र उजेडाने घडीच्या कडेचा रंग उडतो. कुंडीला पाणी घालताना बटण बंद करावे आणि एक्स्टेंशन बोर्ड कुंडीच्या खाली ठेवू नये, वरच टांगावा.