जुन्या जपानी मालाची दुकानें व पारखी नजर

एका देशांत जी वस्तु अडगळ म्हणून घराबाहेर काढली जाते, तीच दुसऱ्या देशांत कोणाच्या तरी कपाटाची शोभा ठरते. फिलिपाइन्स बेटांत या प्रकाराला एका स्वतंत्र बाजाराचें रूप आलें आहे. मनिलासारख्या राजधानींत काय किंवा लहान गांवाच्या हमरस्त्यावर काय, ‘जपान सर्प्लस’ अशी पाटी लावलेलीं दुकानें आढळतात. तेथें कपाटें, सायकली, सुऱ्या, खेळणीं, घड्याळें आणि चिनी मातीच्या भांड्यांचे ढीग मांडलेले असतात. ‘सर्प्लस’ हें नांव असलें, तरी हा कारखान्यांत शिल्लक राहिलेला माल नव्हे. बहुतेक वस्तू कोणाच्या तरी घरांतून आलेल्या असतात. मलेशियांतहि असा व्यापार चालतो. बुकऑफ या जपानी कंपनीनें २०१६ सालीं तेथें ‘जलान जलान जपान’ या नांवानें दुकानें काढण्यास प्रारंभ केला.

एवढा माल येतो कोठून? जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास कळसास पोंचली व पुढें घटूं लागली. २०२३ सालच्या सरकारी पाहणींत तेथें सुमारें ९० लक्ष घरें रिकामीं आढळलीं. वृद्ध आईबाप निवर्तले कीं, शहरांत लहानशा जागेंत राहणाऱ्या मुलांपुढें सामानानें भरलेलें घर मोकळें करण्याचा प्रश्न उभा राहतो. मोठें सामान टाकून देण्यासहि तेथें शुल्क पडतें. त्यामुळें अशीं घरें आवरून देण्याचा स्वतंत्र धंदाच निर्माण झाला आहे. जें तेथें खपत नाहीं, तें मोठमोठ्या पेट्यांत भरून जहाजानें दक्षिणेकडे रवाना होतें.

या मालांत कोऱ्या वस्तूहि पुष्कळ निघतात, आणि त्यास तेथील रीतिरिवाज कारण आहे. लग्नकार्यांत व अंत्यविधीनंतर परत-भेटी देण्याची चाल जपानांत रूढ आहे. अशा भेटी वेष्टनासह कपाटांत वर्षानुवर्षें पडून राहतात. पेल्यांचा संच तेथें बहुधा पांचांचा असतो. कारण ‘चार’ या अंकाचा ‘शि’ हा उच्चार मृत्युवाचक शब्दासारखाच आहे. तेव्हां पांच पेले पाहून सहावा फुटला असावा अशा समजुतीनें घासाघीस करणारा ग्राहक आपलें अज्ञान मात्र प्रकट करतो.

दुकानदाराला एकेक नग तपासण्यास सवड नसते. अनेकदां एका आकाराच्या सर्व भांड्यांस तो सरसकट एकच भाव लावतो. त्यामुळें साध्या कपाशेजारीं १९०४ सालीं स्थापन झालेल्या नोरिताके कारखान्याचा नाजुक कपहि त्याच किंमतीस पडलेला असतो. स्वस्ताई सर्वांनाच सारखी. लाभ मात्र ज्याला तळ वाचतां येतो त्याचा.

तळावरील खुणांविषयीं एक नियम संग्राहकांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या कायद्यानें १८९१ पासून आयात मालावर देशाचें नांव आवश्यक झालें, तेव्हां जपानी भांड्यांवर ‘निप्पॉन’ हा शब्द आला. १९२१ पासून त्याजागीं ‘जपान’ हें नांव घालावें लागलें. ‘ऑक्युपाइड जपान’ ही खूण १९४५ ते १९५२ या परकीय अमलाच्या काळाची. परंतु या खुणा निर्यातीच्या मालावरच्या आहेत. जपानी घरांतून निघालेलें भांडें परदेशासाठीं घडविलेलें नसतें. त्यावर रोमन अक्षरें नसलीं, म्हणून तें खोटें ठरत नाहीं. त्याच्या तळाशीं चिनी लिपींत भट्टीचें किंवा कारागिराचें नांव सांपडतें. उलट, कित्येक जपानी भांड्यांवर चीनच्या मिंग राजवटीची मुद्रा दिसते. ती केवळ जुन्या कलेला वाहिलेला मान आहे. तिच्यावरून वस्तूचें वय पांचशें वर्षें मानणें ही फसगत होय. खूण पाहून झाली, म्हणजे नखानें टिचकी मारावी. अखंड भांडें खणखणीत वाजतें, तडा गेलेलें बद्द वाजतें.

इतर वस्तूंचीहि अशीच परीक्षा आहे. इवाते प्रांतांतील ओतीव लोखंडाच्या किटल्या फार नांवाजलेल्या आहेत. आंतून उघड्या लोखंडाची असेल, ती पाणी उकळण्याची. आंत काचेसारखा मुलामा असेल, ती केवळ चहा मुरविण्याची, विस्तवावर ठेवण्याची नव्हे. सेको मनगटी घड्याळाच्या पाठीवरील अनुक्रमांकांत पहिला अंक सालाचा शेवटचा अंक व त्यापुढचें चिन्ह महिना सांगतें. मात्र दशक कोणतें, हें यंत्राच्या नमुन्यावरून ठरवावें लागतें.

दोन बाबतींत विशेष सावधगिरी हवी. जपानांतील घरगुती वीज १०० व्होल्टची असते. फिलिपाइन्समध्यें ती २२० ते २३० व भारतांत २३० व्होल्टची असते. केवळ १०० व्होल्टसाठीं बनविलेलें उपकरण दाब उतरविणाऱ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय जोडलें, तर जळून जाण्याचा धोका असतो. दुसरी बाब हस्तिदंताची. कोरीव नेत्सुके व नांवाचे शिक्के हस्तिदंती असूं शकतात. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ सालीं बंदीचा निर्णय झाला. अशी वस्तु सरहद्दीवर जप्त झाल्यास मूळचा सौदा स्वस्त होता, हें समाधान निरुपयोगी ठरतें.

सर्वांत मोठी हानि मात्र पैशाची नसते. चांगल्या चहापात्राबरोबर जपानांत लांकडी पेटी असते व तिच्यावर वस्तूचें नांव आणि कारागिराची सही असते. घर आवरतांना, माल भरतांना आणि दुकानांत उचकापाचक होतांना पेटी एकीकडे व पात्र दुसरीकडे जातें. तीं एकदां दुरावलीं कीं, तें पात्र कोणी घडविलें हें सांगणारा साक्षीदारच नाहींसा होतो. घरची माणसें गेलेलीं, मुलांनीं घर मोकळें केलेलें. वस्तूची हकीकत जाणणारें कोणी उरत नाहीं. म्हणून जाणता संग्राहक भाव करण्याआधीं ढिगाऱ्यांत पेटी शोधतो आणि आंतील मळका कागदहि फेंकून देत नाहीं. थोड्या पैशांत वस्तु मिळविणें कोणालाहि साधतें. तिची ओळख तिच्याबरोबर शाबूत राखणें, हीच खरी पारख होय.