शालेय अभिव्यक्तिस्वातंत्र्य : राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थांची तुलना आणि डिलाईल रोडचा परिसर

प्रस्तावना

मुंबईतील ना. म. जोशी मार्ग लोकव्यवहारात आजही ‘डिलाईल रोड’ याच नावाने ओळखला जातो. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने येथे बत्तीस चाळी उभारल्या आणि त्यांतून गिरणी कामगारांच्या पिढ्या वाढल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावले. पुढे लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी व्यापारी संकुले व निवासी मनोरे उभे राहिले. महापालिकेची शाळा, खाजगी अनुदानित मराठी शाळा आणि विनाअनुदानित इंग्रजी शाळा असे शाळांचे तिन्ही प्रकार या परिसरातील मुलांना ठाऊक आहेत.

या तीन प्रकारच्या शाळांतील मुलांना आणि शिक्षकांना बोलण्याचे स्वातंत्र्य सारखेच आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा बहुधा वृत्तपत्रे, साहित्य, नाटक व चित्रपट यांच्या संदर्भात होते. शाळा तिच्या बाहेरच राहते. प्रस्तुत लेखात अमेरिका, जर्मनी, फ्रान्स व जपान या चार देशांच्या व्यवस्थांशी भारतीय व्यवस्थेची तुलना करून डिलाईल रोडसारख्या परिसरात या प्रश्नाचे स्वरूप कसे आहे याचे विवेचन केले आहे. एखाद्या देशातील शालेय अभिव्यक्तिस्वातंत्र्य संविधानातील शब्दांवरून मोजता येत नाही. ते स्वातंत्र्य नाकारले गेल्यास दाद कोठे मागावयाची आणि वर्गातील मतभेद कोणत्या पद्धतीने हाताळावयाचा, या दोन गोष्टींवरून ते मोजावे लागते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतात शाळेतील बोलण्यावर पहिले मोठे नियंत्रण परिपत्रकांच्या मार्गाने आले. वंगभंगाच्या चळवळीत १९०५ साली बंगालमध्ये कार्लाइल परिपत्रक निघाले. १९०७ साली भारत सरकारच्या गृहखात्याचे सचिव रिस्ले यांच्या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक आले. शाळेतील विद्यार्थ्यांनी राजकीय सभांना जाऊ नये, असा त्याचा आशय होता. आज्ञा न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान काढून घेण्याचा धाकही त्यात होता. पुढच्याच वर्षी, २२ जुलै १९०८ रोजी, लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईतील गिरणी कामगारांनी काम बंद ठेवले. ज्या वस्तीतील प्रौढांनी रस्त्यावर उतरून आपले मत व्यक्त केले, त्याच वस्तीतील मुलांच्या शाळेत राजकारणाला मज्जाव होता.

या पोकळीत शाळेबाहेरच्या संस्थांनी काम केले. ज्यांचे नाव आज डिलाईल रोडला आहे, त्या नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. कामगारवस्तीत रात्रशाळा व वाचनालये चालविणे हे लीगच्या कार्याचे महत्त्वाचे अंग होते. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी भरलेल्या सभेतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचा विचार पुढे आला. नारायण सुर्वे यांचे उदाहरणही येथे बोलके आहे. गिरणगावात वाढलेले सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले. तथापि १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संग्रहाला त्यांनी ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले. ते विद्यापीठ म्हणजे रस्ता, कारखाना आणि कामगारांची वस्ती होय. कामगारवस्तीचा अनुभव शाळेत न बोलता शाळेबाहेर बोलला जावा, ही या परिसराची जुनी रीत आहे.

मराठी प्रदेशातील आणखी एका घटनेची नोंद आवश्यक आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. औरंगाबादेतील महाविद्यालयीन विद्यार्थीही या लढ्यात होते. मनाई न मानणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. येथे विद्यार्थ्यांना गाण्याचा अधिकार हवा होता. पुढे केरळातील मुलांना न गाण्याचा अधिकार हवा होता, हे आपण पाहणार आहोत. वस्तुतः हे दोन्ही अधिकार एकच आहेत.

चार देश, चार मार्ग

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयाच्या मार्गाने सुटत आला. १९४३ च्या बार्नेट खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने मुलांवर ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही असे ठरविले. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत आलेल्या मुलांच्या बाजूने १९६९ च्या टिंकर खटल्यात निर्णय झाला. शाळेच्या कामकाजात खरोखरीचा व लक्षणीय व्यत्यय येत असेल, तरच अशा अभिव्यक्तीवर बंधन घालता येते, ही कसोटी त्यातून रूढ झाली. २०२१ च्या महनॉय खटल्यात शाळेबाहेर समाजमाध्यमावर केलेल्या लिखाणालाही संरक्षण मिळाले. येथे अधिकार विद्यार्थ्याचा असून बंधन का घातले हे सिद्ध करण्याचा भार शाळेवर आहे. मात्र हा मार्ग खर्चिक व दीर्घ आहे.

जर्मनीने निराळी वाट धरली. तेथे शिक्षण हा घटक राज्यांचा विषय आहे. १९७६ साली बॉयटेल्सबाख या गावी भरलेल्या परिषदेतून राजकीय शिक्षणाची तीन तत्त्वे पुढे आली. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यावर लादू नये. समाजात आणि अभ्यासक्षेत्रात जो विषय वादग्रस्त आहे तो वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावा. आणि राजकीय परिस्थितीत आपले हित कशात आहे याचे विश्लेषण करण्याची क्षमता विद्यार्थ्यामध्ये निर्माण करावी. ही तत्त्वे कायदा म्हणून संमत झालेली नाहीत. शिक्षकवर्गाने स्वीकारलेला तो व्यावसायिक संकेत आहे. नाझी राजवटीत शाळेचा वापर प्रचारासाठी कसा झाला याची स्मृती त्यामागे आहे.

फ्रान्सने कायद्याचा आधार घेतला. १९८९ च्या शिक्षणविषयक कायद्याने माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांना माहितीचे व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले. परंतु बहुविधतेचा आदर आणि तटस्थता या मर्यादाही सांगितल्या. २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हे धारण करण्यास बंदी केली. म्हणजे विद्यार्थ्याने मत मांडावे, पण धर्मचिन्ह शाळेबाहेर ठेवावे, अशी ही विभागणी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या पाठात व्यंगचित्रे दाखविणारे शिक्षक सॅम्युएल पाटी यांची हत्या झाली. शिक्षकाच्या मागे कायदा असला तरी तो वर्गात एकटा असू शकतो, हे या घटनेने जगासमोर आणले.

जपानची रीत भारतीय वाचकास परिचित वाटेल. विद्यार्थी आंदोलनांच्या काळात, १९६९ साली, तेथील शिक्षण मंत्रालयाने सूचनापत्राद्वारे उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या राजकीय हालचालींना प्रतिबंध केला. ते सूचनापत्र सुमारे सेहेचाळीस वर्षे टिकले. २०१५ साली मतदानाचे वय अठरावर आल्यावर नवे सूचनापत्र निघाले आणि शाळेबाहेरील राजकीय सहभागास वाट मिळाली. शाळेच्या आवारातील बंधने मात्र राहिली.

भारतीय संविधान आणि न्यायनिर्णय

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) नुसार भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य सर्व नागरिकांना आहे; त्यासाठी वयाची अट नाही. शाळेच्या संदर्भात या अनुच्छेदाचा सर्वांत महत्त्वाचा अर्थ ११ ऑगस्ट १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात लावला गेला. केरळातील तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. न्यायालयाने सांगितलेली दोन तत्त्वे प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगी आहेत. पहिले, अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मौनाचाही समावेश होतो. दुसरे, मूलभूत अधिकारावरील मर्यादा कायद्यानेच घालावी लागते. कायद्याचे पाठबळ नसलेल्या खात्याच्या परिपत्रकास ते सामर्थ्य नाही. रिस्ले परिपत्रकापासून चालत आलेल्या प्रशासकीय सवयीला मिळालेले हे संवैधानिक उत्तर होय.

महाराष्ट्रातही याच दिशेचा निर्णय झाला आहे. प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिल्यामुळे नाशिकमधील एका शिक्षकास वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारण्यात आली होती. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशी सक्ती मूलभूत अधिकारांचा भंग करणारी असल्याचे ठरविले. हात जोडण्यासारख्या साध्या कृतीचा संबंध वेतनश्रेणीशी लावला जाऊ शकतो, हे या प्रकरणातून दिसते.

शिक्षणहक्क कायद्याची मर्यादा

२००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. कलम २९ मध्ये अभ्यासक्रम व मूल्यमापन ठरविताना बालकास भीती, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवणे आणि त्याला आपली मते मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करणे यांचा विचार व्हावा, असे म्हटले आहे. कलम ३२ नुसार बालकाच्या अधिकाराविषयीची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा असे अपेक्षित आहे आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. तथापि तिच्यात तीन उणिवा आहेत. एक, मते मांडण्याचा उल्लेख अभ्यासक्रम ठरविणाऱ्या प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून आला आहे, बालकाचा थेट अधिकार म्हणून नव्हे. दोन, २०१४ च्या प्रमती निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांना हा अधिनियम लागू होत नाही. तीन, आणि ही सर्वांत गंभीर, अधिनियमाचे संरक्षण सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. नववीत पाऊल टाकताना, म्हणजे सार्वजनिक प्रश्नांवर स्वतःचे मत बनू लागते त्याच वयात, हे छत्र दूर होते.

एक रस्ता, अनेक व्यवस्था

आता डिलाईल रोडकडे परत येता येईल. महापालिका शाळेतील शिक्षक महापालिकेच्या सेवानियमांखाली येतो. मान्यताप्राप्त खाजगी शाळेतील शिक्षकास, शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित, १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियम लागू होतो. बडतर्फ झाल्यास तो तीस दिवसांत शालेय न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो. विद्यार्थ्यासाठी असे न्यायाधिकरण नाही.

विद्यार्थ्यांमध्येही भेद आहे. महापालिका शाळा ही संविधानाच्या अर्थाने राज्यसंस्थेचा भाग असल्याने तेथील मुलाला मूलभूत अधिकार थेट सांगता येतो. शिवाय महापालिका व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित शाळेस अशा समितीचे बंधन नाही. २०२३ च्या कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अनुच्छेद १९ व २१ मधील अधिकार राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात, असे बहुमताने म्हटले. परंतु त्यासाठी पालकास उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. अधिक शुल्क भरून घेतलेल्या शिक्षणात पालकाचा आवाज अधिक असेलच असे नाही, हा यातील विरोधाभास आहे.

कायद्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न वर्गातील आशयाचा आहे. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीची विभागणी ठरविली, २००१ साली त्यात बदल झाला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. या परिसरातील मुलाच्या घरात या घटनांचे परिणाम प्रत्यक्ष आहेत. एखाद्या मुलाचे आजोबा संपात होते, दुसऱ्याचे वडील त्याच जागेवरील कार्यालयात नोकरीस आहेत. संप चुकला की फसविला गेला, जमीन कोणाची, घर कोणाला, यांवर एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांची मते भिन्न असणार. शिक्षकाने हा विषय टाळला, तर तो शांतता राखत नाही. घरी ऐकलेले शाळेत बोलावयाचे नसते, हा धडा तो देत असतो.

समारोप

चार देशांच्या तुलनेतून असे दिसते की अमेरिकेने न्यायालयाचा, जर्मनीने व्यावसायिक संकेताचा, फ्रान्सने कायद्याचा आणि जपानने परिपत्रकाचा मार्ग मुख्यतः अवलंबिला. भारतापाशी न्यायनिर्णय आहेत, कायदाही आहे. पण दैनंदिन शालेय व्यवहार आजही बहुतांशी परिपत्रकावर व मुख्याध्यापकाच्या तोंडी आज्ञेवर चालतो. जर्मनीसारखा व्यावसायिक संकेत मात्र आपल्याकडे रूढ झालेला नाही. तो निर्माण करण्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे काम प्रामुख्याने महाविद्यालयांचे आहे. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतून उद्याचे शिक्षक घडतात. त्यांच्या पाठ सरावात वादग्रस्त विषयावरील किमान एक पाठ असावा, बिजो इमॅन्युएल निकालाचे वाचन व्हावे आणि शिक्षणहक्क कायद्यातील तक्रारीची पद्धत त्यांना माहीत असावी. कनिष्ठ महाविद्यालयांची जबाबदारी तर अधिकच आहे, कारण चौदा वर्षांनंतर कायद्याचे छत्र नसलेला विद्यार्थी त्यांच्याच वर्गात येतो. नारायण सुर्वे यांना आपले विद्यापीठ शाळेच्या भिंतीबाहेर शोधावे लागले. डिलाईल रोडवरील आजच्या मुलाला ते वर्गातच सापडावे, एवढी अपेक्षा शिक्षणव्यवस्थेकडून करणे अवाजवी ठरू नये.