जुनी मोटार आणि घरची कार्यशाळा

मोडलेली वस्तू दुरुस्त करणे आणि जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार करणे या दोन गोष्टी दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांचा हेतू भिन्न असतो. वस्तू पुन्हा चालू झाली की दुरुस्ती करणाऱ्याचे समाधान होते. जीर्णोद्धार करणाऱ्यास मात्र ती मूळची कशी होती हे शोधावे लागते आणि तिचे काय राखावयाचे व काय बदलावयाचे याचा पदोपदी निवाडा करावा लागतो. देवळांच्या बाबतीत हा विवेक आपणांस परिचित आहे. तोच जुन्या मोटारीस कसा लागू पडतो, आणि हे काम बापाने व वयात येणाऱ्या मुलाने मिळून केले तर त्यातून काय साधते, हे आज सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदाकाठचे गाव डोळ्यांसमोर आणू. तेथील एखाद्या कुटुंबाच्या पदरात एक जुनी एम. जी. टी. सी. ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार आली आहे, आणि पंधरा वर्षांची मुलगी व तिचे वडील ती उभी करू पाहत आहेत, अशी कल्पना करावी. ही गाडी इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार होत असे. एकंदर सुमारे १०,००० गाड्या निघाल्या. इंजिन १२५० घनसेंटिमीटरचे, चाके सायकलीप्रमाणे तारांची, आणि अंगावरचा पत्रा ॲश नावाच्या लाकडाच्या सांगाड्यावर बसविलेला.

पान्याला हात लावण्यापूर्वी कागद पाहावेत. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या खासगी वाहनास ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला निराळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले, नोंदणीची मुदत १० वर्षे, आणि नूतनीकरणास ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शनास वा शर्यतफेरीस नेता येते. रोजच्या वापरास किंवा धंद्यास नाही. शिवाय सांगाडा, अंग अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. म्हणजे जुन्या अंगात नवे इंजिन बसविण्याचा सोपा मार्ग येथे बंद होतो.

यानंतर गाडी उलगडण्याचे काम. हे काम जितके सोपे दिसते तितकेच घातक आहे, कारण सुट्या केलेल्या पुष्कळ गाड्या पुन्हा जुळत नाहीत, त्या खोक्यांतच राहतात. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, नट-बोल्ट निरनिराळ्या डब्यांत ठेवून चिठ्ठी लावावी, आणि वहीत क्रम लिहावा. ही वही मुलीच्या स्वाधीन करणे उत्तम. वडिलांची भिस्त स्मरणावर असते, आणि स्मरण दोन पावसाळे टिकत नाही.

या गाडीच्या इंजिनात एक गंमतीचा धडा दडलेला आहे. घरातील ट्रॅक्टरचे पाने त्याच्या बोल्टांच्या डोक्यांवर नीट बसत नाहीत. जोर केला तर कोपरे झिजतात. डोकी व्हिटवर्थ या इंग्रजी मापाची आहेत, तर आटे फ्रेंच मेट्रिक मापाचे! कारण असे की, मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती. इंग्लंडातील मिस्त्र्यांच्या हाती पाने मात्र इंग्रजी मापाचे होते. दोहोंची तडजोड बोल्टात उतरली आणि पुढे टी. सी.पर्यंत चालत आली. शाळेत इतिहास आणि मापन हे विषय वेगळ्या तासांना शिकवितात. येथे ते एका बोल्टात एकत्र सापडतात.

वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन घाईने फिरवू नये. प्लग काढून सिलिंडरांत पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे, आणि मग हाताने हळूहळू फिरवून पाहावे. गाडी पुरात सापडलेली असेल तर इंजिन उघडून गाळ धुतल्यावाचून ते सुरू करणे म्हणजे त्याचा अंत ओढवून घेणे होय. सायखेडा व चांदोरी येथील रहिवाशांस हे सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये गोदावरी त्यांच्या दारात आली होती. म्हणूनच कार्यशाळेची जागा उंचावर निवडावी.

लाकडी सांगाड्याचे काम शहरातील गॅरेजपेक्षा गावचा सुतार अधिक जाणतो. ज्याच्या घराण्यात बैलगाडीची चाके घडली, त्यास सांध्याला ताण कोठे बसतो हे कळते. ॲशचे लाकूड आपल्याकडे होत नाही. सागवान टिकाऊ असले तरी धक्का सोसणारी ॲशची लवचीकता त्यात कमी आहे. कुजलेला तुकडा फेकून न देता त्यावरूनच नव्याचे माप घ्यावे. झिजलेला लोखंडी भाग लेथवर करून घेण्यास नाशिकच्या सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती जवळ आहेत, आणि सुट्या भागांच्या शोधासाठी मुंबईचा चोरबाजार प्रसिद्धच आहे.

इंधनाचा प्रश्न आजच्या काळाचा आहे. देशात शिसेमिश्रित पेट्रोल २००० सालापासून बंद झाले. शिशाचा थर जुन्या इंजिनांच्या झडपांच्या बैठकींचे रक्षण करी. तो गेल्यामुळे तेथे कठीण धातूची कडी बसविणे हितावह ठरते. त्यातच २०२५ पर्यंत पेट्रोलातील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. उसाच्या या पट्ट्यात इथेनॉलचे महत्त्व कोण नाकारील? तथापि जुन्या रबरी नळ्या ते कुरतडते. म्हणून नळ्या व गाळण्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात. बाहेरून न दिसणारा आणि जीव वाचविणारा असा बदल जीर्णोद्धाराच्या तत्त्वास बाधक नाही.

सुरक्षिततेचे नियम थोडे, परंतु कडक आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये; खाली लोखंडी घोडी हवीच. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ती धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. आणि इंजिन गर्जू लागले तरी ब्रेक पूर्ण झाल्याखेरीज गाडी हात-दोन हातही पुढे नेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. आपल्या घरांत वडील सांगतात आणि मुले ऐकतात. शेतीत, दुकानात, अभ्यासात वडिलांचा अनुभव पुढे असतो. ही ॲबिंग्डनची गाडी मात्र दोघांनाही सारखीच अनोळखी आहे. बोल्ट निघाला नाही, तर तो वडिलांच्या वयाकडे पाहून निघत नाही. या इंजिनाला दोन कार्बोरेटर आहेत, आणि दोन्हींतून सारखी हवा जावी लागते. एक रबरी नळी घेऊन तिचे एक टोक कानाशी व दुसरे पाळीपाळीने प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरतात, आणि दोन्हीकडचा फूत्कार सारखा होईतो पेच फिरवितात. वय वाढले की बारीक, उंच स्वर प्रथम ऐकू येईनासे होतात. अशा वेळी पेच वडिलांनी फिरवावा आणि ‘आता पुरे’ असे मुलीने म्हणावे. तिचा शब्द अखेरचा मानण्याची सवय वडिलांना येथे लागली, तर ती घरातील इतर प्रसंगीही उपयोगी पडेल.

याचे उलट टोकही आहे. पुष्कळ वडील उत्साहाच्या भरात सर्व काम स्वतःच करतात व मुलाच्या हाती फडके देतात. काही महिन्यांत मूल तेथे येईनासे होते, आणि वडील नव्या पिढीस आवड नाही म्हणून खंत करतात. त्यापेक्षा एखादा विभाग, मग ते विजेचे तारकाम असो वा चाके असोत, संपूर्णपणे मुलाच्या हवाली करावा. तेथे चूक झाली तर ती त्यालाच शोधू द्यावी. एखादा रविवार फुकट जाईल; पण कामाची मालकी त्याच्याकडे राहील.

कायद्याप्रमाणे मोटार चालविण्याचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावाचून मिळत नाही. पंधराव्या वर्षी हाती घेतलेली गाडी तीन वर्षांत उभी राहिली, तर काम व वय यांचा मेळ आपोआप बसतो. आणि मधल्या काळात ज्या मुलीने ब्रेकची प्रत्येक नळी आपल्या हातांनी जोडली आहे, तिला वेगाचा अर्थ कोणी वेगळा समजावून देण्याची गरज उरत नाही.

अशी दुर्मिळ गाडी सर्वांना कोठून मिळणार, असे कोणी विचारील. तिचीच आवश्यकता नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण तिची नस ओळखणारे मिस्त्री अद्याप आहेत. हे मिस्त्री वृद्ध होत चालले आहेत, आणि त्यांची विद्या पुस्तकात नाही, हातात आहे. ती घेण्यास कोवळे हात वेळेवर पोहोचले पाहिजेत. लोखंड आणखी काही वर्षे थांबू शकते. मिस्त्री थांबू शकत नाहीत, आणि मुलांचे पंधरावे वर्षही थांबत नाही.