कितवी चाळ?

टेम्पोतून पहिलं उतरतं ते पाण्याचं निळं पिंप. वरळीच्या या चाळीस मजली टॉवरमध्ये नळाला भरपूर पाणी आहे म्हणतात, पण मावशींचा भरवसा पिंपावरच. "असू दे, कुठं खायला मागतंय," त्या हमालाला सांगतात. मग लोखंडी कॉट, गाद्यांच्या वळकट्या, मिक्सरचा खोका. चादरीत गुंडाळलेली बाबासाहेबांची तसबीर मात्र हमालाच्या हाती दिली जात नाही. ती छातीशी धरून मावशींची मुलगी लिफ्टमध्ये शिरते.

बीडीडी चाळीतली यांची खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. १९२०च्या दशकात सरकारनंच बांधलेल्या त्या चाळी. आता त्याच आवारात म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर देतंय, तेही फुकट. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये वाटल्या गेल्या. बांधकाम होईपर्यंत कुणाला संक्रमण शिबिर, तर कुणाला महिना २५,००० रुपये भाडं.

"भाडं म्हाडाचं, घर शोधायचं आपण," वर पोचल्यावर मुलगी सांगते. "एजंट आधी बजेट विचारायचा, मग आडनाव. आडनाव ऐकलं की मालक गावाला गेलेले. सगळ्या मालकांचं गाव एकच असावं बहुतेक!" काही जण थेट विचारत, नॉनव्हेज खाता का? हा प्रश्न ताटाबद्दल नसतो, हे विचारणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा सोसायटीचा उपविधी चालतो, असं २००५मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंच ठरवलं. घरमालक तर एकटा माणूस, त्याला कोण जाब विचारणार? सरकारी योजना चौरस फूट मोजते, भाड्याची रक्कम ठरवते. दार उघडलं का, हा रकाना तिच्या फॉर्मात नाही.

या टॉवरमध्ये मात्र कोणाला कुठला फ्लॅट, हे संगणकाच्या सोडतीनं ठरलं. संगणकाला आडनावाशी देणंघेणं नाही, आणि मला तरी या सगळ्या योजनेतली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. जुन्या आवारात कुठली चाळ बौद्धांची, कुठली मराठ्यांची, हे पोराटोरांनाही माहीत असायचं. जानेवारी १९७४मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर याच चाळींमध्ये दंगल पेटली. मावशी तेव्हा परकरात होत्या. गच्चीवरून आलेले दगड त्यांना अजून आठवतात.

समोरच्या दारातले काका चहाचा थर्मास घेऊन येतात. "या, या! कितवी चाळ तुमची?"

मावशी नंबर सांगतात. काका क्षणभर हिशेब करतात, आणि तो हिशेब कसला ते खोलीतल्या सगळ्यांना कळतं. मग मावशीही विचारतात, "आणि तुमची?" त्यांचाही हिशेब होतो. चहा ओतला जातो.

गप्पा मेंटेनन्सवर येतात, तिथून कमिटीवर. "नियम लागतील," काका म्हणतात. "खिडकीत सुकट वाळत घालणं वगैरे नको."

"तुमच्यात नाही होत सुकट?"

"होते की! पण आपल्यासाठी नाही म्हणत मी. उद्या कुणी भाडेकरू ठेवला म्हणजे…"

"मग त्याला आडनाव विचारायचं का, काका?" मुलगी भिंतीत खिळा ठोकता ठोकता विचारते.

काकांचं उत्तर यायच्या आत खालून टेम्पोवाल्याचा फोन. दुसरी खेप आणायची, की वेटिंग लावू?