एनपीएसचे ऐंशी टक्के हाती आले, तरी ॲन्युइटीचा प्रश्न उरतोच

राष्ट्रीय पेन्शन योजनेतील बिगरसरकारी सदस्यांना निवृत्तीच्या वेळी ॲन्युइटीत घालावा लागणारा किमान हिस्सा डिसेंबर २०२५ मध्ये ४० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आला. या मोकळिकीचे स्वागत झाले ते योग्यच. पण ॲन्युइटी जे करते, ते दुसरे कोणतेही साधन करत नाही. विमा कंपनी हजारो निवृत्तांचे पैसे एकत्र करते. लवकर निघून जाणाऱ्यांचा शिल्लक वाटा नव्वदी गाठणाऱ्यांच्या पेन्शनला लागतो. पैसे संपले आणि आयुष्य उरले, ही भीती त्यामुळे जाते.

हा लाभ बरेच जण सही करतानाच सोडून देतात. ‘मूळ रक्कम वारसांना परत’ हा पर्याय घेतला, की कंपनीकडे वाटण्यासाठी फक्त व्याज उरते आणि पेन्शन घटते. आयुष्यभरासाठी दर पक्का होतो, एवढाच फायदा. वाढत्या वयाबरोबर मिळणारा चढा दरही या पर्यायात जवळपास नाहीसा होतो. पती-पत्नी दोघांच्या हयातीपर्यंतची, रक्कम परत न करणारी ॲन्युइटी घ्यावी आणि मुलांसाठीचा पैसा वेगळा ठेवावा, हे अधिक शहाणपणाचे.

पोस्टाच्या आणि बँकांच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. ८.२ टक्के दराने तीस लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये हाती येतात. मुद्दल सुरक्षित, पण मुदत पाच वर्षांची. पुढचा दर त्या वेळचा. २०२० ते २०२२ या काळात तो ७.४ टक्के होता.

ठरावीक ॲन्युइटीची खरी दुखरी बाजू महागाई. ६ टक्के महागाईत आजच्या २० हजारांच्या पेन्शनची किंमत बारा वर्षांत निम्मी होते. त्यावर म्युच्युअल फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढत राहण्याचा उपाय सुचवला जातो. पैसा वाढण्याची शक्यता तिथे आहे, पण २००८ च्या जानेवारीत २१ हजारांजवळ गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये साडेआठ हजारांवर आला होता. निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी अशी पडझड झाली आणि पैसे काढणे चालूच राहिले, तर पुंजी पुन्हा उभी राहणे कठीण.

म्हणून किराणा, औषधे, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स एवढ्यापुरतीच ॲन्युइटी घ्यावी, तीही शक्य असल्यास सत्तरीच्या आसपास. तोवर ज्येष्ठ नागरिक योजनेवर भागवता येते. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. त्यानंतर निवडलेला पर्याय सहसा बदलता येत नाही.